वरचं काम, खालचा आवाज

४ फेब्रुवारी

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. लिहायला बसलं की पेंग येते. रोज तीन पंपघरं फिरायची आणि घरी आल्यावर आईचे गुडघे, हिचे टोमणे. तुम्ही मला देऊन गेलात ती मोटरसायकलही माझ्यासारखीच झाली आहे, चालते पण कण्हत. निळा धूर ओकते. चढावर, मागे ही बसलेली असली की, खालून जड धबधब येते आणि पाय ठेवायच्या रॉडवर पायांना मुंग्या येतात. ही म्हणते, तो माझ्या वजनाचा दोष नसून गाडीचाच रोग आहे, हे दादांना नीट लिहा.

तुमच्या उस्तादांना दाखवली. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला लावला, मूठ कानाला, आणि म्हणाले, हाफ इंजिन, फक्त वरचं काम. पिस्टन, रिंगा, बोअर. चार दिवसांत देतो. मोठ्या वर्कशॉपवाला म्हणतो, फुल इंजिन, खालच्या क्रँकसकट. पंधरा दिवस ठेवून जा. पंधरा दिवस पायी फिरायचं माझ्यात त्राण नाही. उस्तादांना हो म्हणू ना?

लोभ आहे, त्याला गंज चढू देऊ नये.
तुमचा धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हो म्हणू नकोस. नाहीही म्हणू नकोस. आधी एवढंच कळव, उस्तादांनी मूठ कोणत्या कानाला लावली?

पिस्टनचा आवाज वरून येतो, टकटक, आणि इंजिन तापलं की कमी होतो. तू लिहितोस ती धबधब क्रँकच्या बेअरिंगची. वरचं नवं करून खालचं तसंच ठेवलं, तर नव्या पिस्टनच्या जोराने ते आणखी लवकर जाईल, आणि भर वेगात इंजिन जाम झालं की मागचं चाकही जाम. मागे ती बसलेली असते. तिला सांग, वजनाचा विषय मी काढलेला नाही.

पण मला इथे बसून ऐकू येतं ते उस्तादांना हात लावून ऐकू येऊ नये? गाडी सुरू करायच्या आधी ती आणणाऱ्या माणसाचा खोकलाही ऐक, असं मला शिकवणारा तो माणूस. माझ्या वर्कशॉपात आज तीन लेथ फिरतात. त्यांतलं माझ्या बापाचं काही नाही, त्यांचं सगळं आहे. माझा अंदाज खोटा ठरो.

आईच्या गुडघ्यांना माझा नमस्कार, आणि थोडं चाल म्हणावं.
दादा

१९ फेब्रुवारी

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

उजव्या.

तुमचं पत्र वाचून मुद्दाम पुन्हा गेलो. ते पाठमोरे होते. तीनदा हाक मारली, वळले नाहीत. समोर गेल्यावर हसले आणि माझ्या ओठांकडे बघत बोलले. शेजारचा शिंपी म्हणाला, दोन वर्षं झाली, गल्लीला ठाऊक आहे, पण त्यांच्यासमोर कोणी काढत नाही.

आता मी काय करू? त्यांच्या दारावरून गाडी ढकलत मोठ्या वर्कशॉपात नेली तर गल्ली बघेल, आणि ते तर बघतीलच. नाही नेली तर हिला मागे बसवायची हिंमत नाही. दादा, मी दमलो. तुम्हीच ठरवा, मी करीन.

लोभ आहे, तो तरी सध्या धूर सोडत नाही.
धाकटा

२५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

उजवा कान माझ्यामुळे गेला. मी त्यांच्याकडे कामाला असताना हवा भरता भरता रस्त्यावर बघत बसलो, आणि ट्यूब त्यांच्या कानाशी फुटली. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, ट्यूब कुजकी होती. माझं नाव आजवर घेतलं नाही. तेव्हापासून ऐकायचं ते डाव्यानेच. उजव्याला मूठ लावली म्हणजे आता डावाही गेला, आणि कान कोणता याला अर्थ उरला नाही.

गाडी उस्तादांकडेच ने. त्यांना सांग, दादा फार शेखी मिरवतो. म्हणतो, स्क्रू ड्रायव्हरची मूठ दातात धरली की कानापेक्षा स्वच्छ ऐकू येतं. मला खोटं वाटतं, तुम्ही बघाल का? माझी शेखी त्यांना कधीच सहन झालेली नाही. हाडातून आवाज पोचला तर ते स्वतःच बोलतील. नाही पोचला तर मी येऊन पाया पडेन आणि गाडी घेऊन जाईन. तोवर बसने जा.

दादा

६ मार्च

चि. पोरास,
आशीर्वाद.

तुझा भाऊ खोटं बोलताना कानापर्यंत लाल होतो, त्याला असली कामं सांगू नकोस. माझे पुढचे दात बसवलेले आहेत, तेही तुझ्या लक्षात राहिलं नाही. दाढेत धरला.

पोचला आवाज. क्रँक गेली आहे. इंजिन खोललं, तर बेअरिंगचे तुकडे तेलात. मी हाफ सांगितलं होतं. ती पोरगी मागे बसते, हे मनात येऊन दोन दिवस हातात पाना धरला नाही. या दोन वर्षांत असंच सांगून किती गाड्या सोडल्या असतील, कोण जाणे.

क्रँक पाठवली आहे, तुझ्या लेथवर नीट करून आण. जोडणी मी करीन. हात अजून कापत नाहीत. पण जोडल्यावर ऐकायला इथे माणूस नाही, आणि दाढेवर माझा भरवसा नाही. तू दोन दिवस येऊन राहा. गल्लीला मी सांगितलं आहे की जुना शागीर्द येतोय, त्याचं शिकायचं राहिलं होतं.

उस्ताद