आदर्श जोडपं, बिनलग्नाचं

ती. दोमीताई,

तुला आणि दाजींना माझा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींना त्या नव्या यंत्रानं ऐकू यायला लागलं का? (लागलं असेल तर हे पत्र मनातल्या मनात वाच.) इकडे सगळं ठीक. कॉफीची तोडणी आटपली, धुकं मात्र गावातून हलायचं नाव घेत नाही, त्यामुळे पाव फुगायला दुप्पट वेळ लागतो आणि मी निम्म्या वेळात चिडते. क्रिस्पिनची तब्येत उत्तम. त्याच्याबद्दलच लिहायचं आहे, पण एकदम विषयाला हात घालवत नाही, तेव्हा जरा सांभाळून घे.

माझी मतं तुला तोंडपाठ आहेत. ऐकून ऐकून तुझे कान किटलेत, आणि उत्तरादाखल तू आजवर नुसती भांडी आपटलीस. माणसानं माणसाला बांधू नये. ज्याला जायचं त्याला दार उघडं असावं, आणि जो राहील त्यानं रोज सकाळी नव्यानं निवडून राहावं. म्हणून तर क्रिस्पिनचं घर रस्त्याच्या पलीकडे, खाली त्याचं न्हाव्याचं दुकान, वर तो. आणि अलीकडे मी आणि माझी भट्टी. सगळी उमर अशी काढली. आणि पोटासाठी काय केलं, तर गावातल्या एकूण एक लग्नाचे केक! त्यातल्या काहींची लग्नं माझ्या क्रीमइतकीही टिकली नाहीत. तरी तीच माणसं दुसऱ्या लग्नाचा केक सांगायला पुन्हा माझ्याकडेच, तितकीच लाजत, तितकीच हसत. ही संस्था मोडकळीला आली, आता पडणार, असं मी किती वर्षं म्हणतेय. पडत नाही. उलट केकला मजले वाढतायत.

तर झालं असं, की आपल्या गिल्बेर्तोच्या नायेलीचं लग्न ठरलं. मुलगा उरिएल, बरा आहे (कानात कायम काहीतरी घातलेलं असतं, पण दाजींच्याही असतंच). एका संध्याकाळी दोघं माझ्याकडे आली आणि म्हणाली, आत्या, लासो तू आणि क्रिस्पिनमामांनी घालायचा. मला वाटलं केकबद्दल बोलतायत. मग डोक्यात प्रकाश पडला. चर्चमधल्या लग्नविधीत नवरानवरीच्या खांद्यांवरून ती मण्यांची दुहेरी माळ घालायची, तीही कुणी, तर ज्यांचा संसार साऱ्या गावानं गिरवावा अशा जोडप्यानं. आणि त्यासाठी आख्ख्या गावातून निवड कुणाची? आमची! क्रिस्पिन मिशीतल्या मिशीत हसत होता. मी विचारलं, बाळ, आमच्यात काय बघितलंस? तर म्हणते कशी, "तुम्ही जेवताना एक शब्द बोलत नाही, पण मीठ न मागता बरोब्बर हातात येतं."

मी हो म्हणून बसले.

नायेलीला घेऊन आम्ही फादर मेलेसियोंकडे नावं द्यायला गेलो. त्यांनी सहज विचारलं, तुमचं लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं? मी म्हटलं, झालंच नाही. फादर आधी हसले, मग हसायचे थांबले. ताई, हा माणूस इतकी वर्षं क्रिस्पिनकडून दाढी करून घेतोय आणि त्याला पत्ता नाही! त्यालाच कशाला, गावातही कुणाला नाही. सगळ्यांची समजूत अशी, की आम्ही चांगले नवराबायको आहोत आणि क्रिस्पिन घोरतो म्हणून दोन घरं केलीत. माझं उभ्या जन्माचं तत्त्वज्ञान, आणि गावाच्या लेखी काय? घोरणं! दोन दिवस मी पाव करपवले.

बिनलग्नाच्या जोडप्याला लासो घालता येणार नाही, असं फादरनी स्वच्छ सांगितलं. नायेली तिथेच रडायला लागली: तुम्हीच, नाहीतर कुणीच नको. फादर म्हणाले, मार्ग आहे, तुम्ही दोघं आधी लग्न करून टाका. मी तोंड उघडायच्या आत क्रिस्पिन म्हणाला, "सोमवारी माझं दुकान बंदच असतं." म्हणजे एखाद्याला दात काढायला बोलवावं, तसं! मी त्याच्याशी बोलले नाही (जेवताना मीठ मात्र दिलं).

पुढची फजिती ऐक. चर्चमध्ये लग्न लागायचं तर आधी त्या विवाहपूर्व वर्गाला बसावं लागतं, त्यातून सुटका नाही. घडीच्या खुर्च्या, विशी-पंचविशीची पोरं, त्यात नायेली आणि उरिएलही, आणि मधोमध आम्ही दोन म्हातारे. शिकवायला एक जोडपं, हातात गिटार. त्यांनी सगळ्यांना विचारलं, मुलं किती हवीत याची चर्चा केलीत का? क्रिस्पिन गंभीरपणे म्हणाला, "अजून एकमत नाही." पोरं खो खो हसली. मी चपलेनं त्याचा पाय दाबला.

मग त्या गिटारवाल्यानं सांगितलं, समोरासमोर बसा आणि आजवर न सांगितलेली एक गोष्ट सांगा. मी म्हटलं, आता हा माझ्या पावाबद्दल बोलणार. तर तो माझ्याकडे न बघता, स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाला, "ओतिलिया, तू म्हणतेस रोज सकाळी नव्यानं निवडायचं. मी निवडतो. पण आधी खिडकीशी उभा राहून तुझ्या धुराड्यातून धूर येतो का ते बघतो, आणि तो दिसेपर्यंत माझ्या घशाखाली कॉफी उतरत नाही. दम लागतो गं आता. एखाद्या सकाळी निवड आधीच झालेली असावी आणि नुसतं उठावं म्हणतो."

ताई, इतकी वर्षं दार उघडं ठेवल्याचा मला केवढा अभिमान होता, आणि त्या उघड्या दारातून त्याला रोज गार वारा लागत होता. आणि खरं सांगू? मीही भट्टी पेटवली की आधी त्याच्या दुकानाची फळी उघडली का ते बघते. स्वातंत्र्यबितंत्र्य नंतर. तेवढ्यासाठीच लोक लग्न करत असतील का गं? एकदाचं कुणीतरी चार लोकांदेखत म्हणावं, की आता बघायची गरज नाही, मी आहेच.

असो. तरी हे सारं केवळ पोरीच्या हट्टापायी चाललंय, माझी मतं जिथल्या तिथे आहेत, हे दाजींना ठणकावून सांग. तब्येतीला जप.

तुझी धाकटी,
ओतिलिया

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच नायेली आली. लग्न रद्द! भांडणबिंडण काही नाही. त्या वर्गात आम्हाला बघून दोघांनी ठरवलं, की कागदबिगद नको, समोरासमोर दोन खोल्या घ्यायच्या आणि रोज सकाळी नव्यानं निवडायचं. "अगदी तुझ्यासारखं, आत्या!" माझ्या गळ्यात पडून पोरगी आनंदानं रडली. गिल्बेर्तो माझ्याशी बोलत नाही.

ता. क. दुसरा. म्हणजे आता आम्हाला लासो कुणालाच घालायचा नाही, त्यामुळे लग्न करायचं कारणही उरलं नाही. क्रिस्पिन रस्ता ओलांडून आला, टोपी हातात, आणि विचारलं, "मग फादरना नको म्हणून कळवू?" विचारताना आवाज अगदी साधा ठेवला त्यानं, पण टोपी पार चुरगळली होती. मी म्हटलं, खबरदार! सोमवारी लग्न आहे आपलं. "कुणासाठी?" म्हणाला. मी म्हटलं, माझ्यासाठी.

ता. क. शेवटचा, आणि पत्र खरं तर याचसाठी. रविवारच्या बसनं दोघं या. आम्हाला लासो तुम्हीच घालायचा आहे. आणि ताई, घालशील तेव्हा जरा घट्टच घाल.