पायथ्याच्या कार्डावरचा आकडा

खोली क्र. ७
ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. दिवसातले अठरा तास मी आडवाच असतो, तेव्हा साष्टांग म्हणायला हरकत नाही. फक्त पालथं पडता येत नाही, तेवढं सांभाळून घे.

फोन भिंतीवर फेकून फोडला त्याबद्दल तू पुरेसं बोलली आहेस, तो विषय आता नको. पत्राचा एक फायदा दिसतोय. तुला मला मध्येच तोडता येत नाही.

मुद्द्याचं लिहितो. इथे माझ्यापासून काहीतरी लपवलं जातंय. व्यायाम घेणाऱ्या बाई दर सोमवारी माझा गुडघा किती वाकतो ते कोनमापकाने मोजतात आणि पलंगाच्या पायथ्याशी लटकवलेल्या कार्डावर आकडा लिहितात. गेल्या तीन सोमवारचे आकडे: ४८, ५२, ५५. खुर्चीत माणसासारखं बसायला आणि जिना चढायला नव्वद अंश लागतात. पण मला पंचावन्नसुद्धा खरे वाटत नाहीत. मला बरं वाटावं म्हणून बाई फुगवून लिहीत असणार. लिहिताना त्या माझ्याकडे बघत नाहीत. कार्ड झालं की निळ्या फाइलीत आणखी काहीतरी लिहितात, आणि मी मान वर केली की फाइल मिटतात. परवा व्हरांड्यात त्या फोनवर दबक्या आवाजात कोणाला तरी सांगत होत्या की त्याला एवढ्यात नको. त्याला म्हणजे कोणाला? सात नंबरच्या खोलीत दोनच पुरुष आहोत, आणि दुसरे रंगारी काका आहेत. ते शिडीवरून पडून कंबर मोडून आलेत आणि त्यांना सगळं आधीच सांगून झालंय.

गेटच्या प्रकारापासून सगळे माझ्याशी काचेच्या भांड्याशी वागावं तसे वागतात. महिन्यापूर्वी आकडा साठ झाला, त्या आनंदात मी कुबड्या टाकून अंगणातून गेटकडे निघालो आणि रिव्हर्स घेत मागे येणाऱ्या दुधाच्या गाडीची टीं-टीं ऐकून कोसळलो, हे मान्य. टाके उसवले, आकडा खाली आला, तेही मान्य. पण पार्सलची गाडी हीच टीं-टीं करत मागे आली होती आणि तिने माझा गुडघा भिंतीला चेपला होता. त्या आवाजाला कोणीही घाबरेल.

आणि चष्मेवाली. जिच्यासाठी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, जिच्या दुकानावरून रोज तीन फेऱ्या व्हाव्यात म्हणून त्या पार्सलच्या गाडीवर नोकरी धरली, ती दोन महिन्यांत एकदाही फिरकली नाही. तिच्या दुकानाचा जिना चढून जाईन तेव्हाच तिला तोंड दाखवेन असं मी तुला म्हणालो होतो. पण असली वाक्यं माणूस दुसऱ्याने मोडावीत म्हणून बोलतो, एवढं कळायला नको? की तिला कोणी सांगितलंय की हा आता जन्माचा लंगडा?

डॉक्टरांनी तुला काय सांगितलंय ते जसंच्या तसं लिही. पाय बरा होणार नसेल तर तसं लिही. मी आता काही फेकणार नाही, फेकायला उरलंय काय?

लोभ आहेच. खरं लिहून तो वाढवावा.

तुझा,
भडक्या

*

ता. ९ फेब्रुवारी

चि. भडक्यास,

अनेक आशीर्वाद, त्यातला एक खास तुझ्या डोक्याला थंडावा मिळावा म्हणून.

तुझं पत्र आईने दोनदा वाचून घेतलं. फोनबद्दलचा भाग मी गाळला. दुकानात शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, एकशे चाळीस चड्ड्या. तुझे भाऊजी काजं करायला बसतात आणि एका काजाला एक झोप काढतात. मशीन कुरकुरतंय, मीही.

डॉक्टरांनी जे तुझ्यासमोर सांगितलं तेच मला सांगितलंय: वेळ लागेल. बाईंशी मी फोनवर बोलले ते तुझ्या पँटीसाठी. पायाला पट्टा बांधलेला असताना चढेल अशी रुंद पायाची शिवायची तर माप नको का? सोबत दोन पाठवते आहे. रंगाला नावं ठेवू नकोस, उरलेल्या कापडाच्या आहेत.

चष्मेवालीचं मला काय माहीत असणार? तू आधी गुडघ्याकडे बघ. आणि बाईंवर डोळे रोखून बसू नकोस. त्यांना अजून पंधरा जणांचे हातपाय बघायचे असतात.

जेवत जा. आईचा हात तुझ्या डोक्यावर आणि माझा कानावर.

तुझी,
ताई

*

खोली क्र. ७
ता. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. आज बसून करतोय.

पँटी चढल्या. पण एक सांग, माझं कंबरेपासून घोट्यापर्यंतचं माप तुझ्या वहीत शाळेपासून आहे. पायाला पट्टा किती जाड आहे हे विचारायला दहा मिनिटं लागतात? बाई दहा मिनिटं बोलत होत्या. मी मोजली आहेत. इथे मोजण्याशिवाय दुसरा धंदा नाही.

आता नीट वाच. रंगारी काकांकडे रंग ढवळायच्या दोन चपट्या पट्ट्या आहेत. माणूस कंबर मोडून आला तरी पिशवीत पट्ट्या घेऊन आला. त्या एका टोकाला स्क्रूने जोडल्या, ऑफिसातल्या मुलीकडून शाळेतला कोनमापक मागून घेतला आणि आम्ही आमचं यंत्र तयार केलं. काका आधी नाही म्हणत होते. म्हणाले, की संशयाने माणूस बरा होत असता तर तू एव्हाना धावत असतास. पण मोजताना सगळ्यात जास्त वाकून तेच बघत होते, कंबर विसरून.

आकडा आला ७८. कार्डावर सोमवारीच बाईंनी लिहिलाय ६८.

मला वाटलं यंत्र चुकलं. दाराचा कोपरा मोजला, बरोबर नव्वद. खिडकीचा मोजला, नव्वद. पुन्हा गुडघा, ७८. तीन दिवस सकाळी मोजतोय. म्हणजे बाई फुगवत नव्हत्या, कापत होत्या. मी दीड महिना इथे पडून स्वतःला लंगडा समजून रडलो (हो, रडलो, काकांना विचार) आणि माझे दहा अंश निळ्या फाइलीत बसले होते.

कोणाला काय मिळणार होतं यातून? आधी वाटलं बाईंचा माझ्यावर राग असेल. मग वाटलं चष्मेवालीच्या घरच्यांनी सांगितलं असेल, की ठेवा अडकवून. काका म्हणाले, तू एवढा महत्त्वाचा नाहीस. मग काल तुझी पँट घालताना खालची दुमड उलटी झाली आणि आत चार बोटं कापड निघालं. ताई, माझ्या शाळेच्या प्रत्येक शर्टाच्या बाहीत असं कापड असायचं. पोरगा वाढेल, तेव्हा उसवून सोडू, म्हणून. हातात काय द्यायचं आणि आत काय दुमडून ठेवायचं, हे आमच्या घरात तूच ठरवायचीस.

हे दहा अंश तू आत ठेवायला सांगितलेस का? हो की नाही, एवढंच लिही. भाऊजी, चड्ड्या, काजं, काही नको.

भडक्या

*

ता. २८ फेब्रुवारी

चि. भडक्या,

हो.

एवढंच लिही म्हणालास, पण पुढचंही वाच, मग हवं तर फाड.

आकडा साठ झाला त्या दिवशी मी तुला भेटायला येत होते. गेटाशी पोहोचले तेव्हा तू जमिनीवर होतास, दोन्ही हात कानांवर. दुधाची गाडी केव्हाच थांबली होती, आवाज बंद झाला होता, आणि तू हात काढत नव्हतास. मी तुला हाक मारली. तू मला ओळखलं नाहीस. ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही, आईलाही नाही.

त्याच संध्याकाळी मी बाईंना म्हटलं, त्याला खरा आकडा देऊ नका, दहा कमी लिहा, नाहीतर हा पुन्हा उठून धावेल. त्या नाहीच म्हणाल्या. असं करत नाहीत म्हणाल्या. मी चार दिवस त्यांच्या मागे लागले. शेवटी फक्त कार्डावर कमी लिहायला तयार झाल्या. फाइलीत खरं लिहीन, तो सरळ विचारेल त्या दिवशी सांगेन, आणि महिनाअखेरीस तुम्ही स्वतः सांगायचं, अशी त्यांची अट होती. तू ऐकलेला तो फोन माझाच. त्या म्हणत होत्या आता सांगा, मी म्हणत होते त्याला एवढ्यात नको. तेच वाक्य त्यांनी मला परत विचारलं असणार.

कपड्यात चालतं ते मी तुझ्यावर चालवलं. तू रडलास हे वाचून मशीन बंद करून बसले.

आणखी एक, तेही आत्ताच ऐक. चष्मेवाली माझ्या दुकानात तीनदा येऊन गेली. पहिल्यांदा मी तुझंच वाक्य तिला सांगितलं, जिना चढेन तेव्हाच वगैरे. तिने ऐकून घेतलं, तरी पुन्हा आली. मग मी सांगितलं की भेटायला बंदी आहे. बंदी नव्हती. ती आली की तू कुबड्या टाकशील, याची मला भीती वाटली. तिसऱ्यांदा ती काहीच न विचारता अर्धा तास बसली आणि बटणं निवडून गेली.

शिव्या दे, पण व्यायाम सोडू नकोस.

कुठल्या तोंडाने लोभ मागू?

ताई

*

खोली क्र. ७
ता. ८ मार्च

ती. ताईस,

नमस्कार.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कार्ड फाडलं. बाईंना जे बोललो ते इथे लिहीत नाही, तुला माझी भाषा माहीत आहे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की त्यांचं चुकलं, ताईंना त्यांनी पहिल्या दिवशी जे सांगितलं होतं त्यावर ठाम राहायला हवं होतं. मोठं माणूस असं सरळ चुकलं म्हणालं की भांडण पुढे न्यायला काही उरत नाही, याचाही राग आला.

चार दिवस मी व्यायाम केला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून होतो. तू, बाई, ती, काका, सगळे मिळून माझ्याविरुद्ध आहात अशी यादी मनात करत होतो. काकांचं नाव घातलं, कारण ते घोरतात. पाचव्या दिवशी काका वॉकर धरून उठले, माझ्या पलंगापर्यंत सहा पावलं आले, आणि म्हणाले, तुला ज्याच्यावर संशय घ्यायचाय त्याच्यावर घे, पण सकाळी दुधाच्या गाडीच्या वेळेला मला अंगणात सोबत हवी, एकट्याने माझा तोल जातो. तोल वगैरे काही जात नाही त्यांचा. हे मला कळतं, हे त्यांनाही कळतं.

तर रोज सकाळी आम्ही बाकावर बसतो. गाडी मागे येते. पहिल्या दिवशी मी काकांचं मनगट इतकं आवळलं की वळ उठला. घाम येतो, कान बंद करावेसे वाटतात. काल मी हात मांडीवर ठेवून पूर्ण वेळ ऐकलं. ड्रायव्हर पोरगेला आहे. उतरून मागे बघतो, कोणी नाही ना याची खात्री करून मगच गाडी घेतो. रोज. मी ते आजवर पाहिलंच नव्हतं.

तिला पत्र लिहिलं. जिन्याचं वाक्य मागे घेतो असं लिहिलं. बंदी नव्हती हेही लिहिलं, तुझं नाव घेऊन. ते मी लपवणार नाही. गुरुवारी येते म्हणून तिने कळवलंय. आनंदात कुबड्या टाकल्या नाहीत. टाकाव्याशा वाटल्या, बघितलं त्यांच्याकडे, आणि काखेत घेतल्या.

आज सोमवार. बाईंनी नवं कार्ड आणलं आणि कोनमापक व पेन माझ्या हातात दिलं, की आता तूच मोज आणि तूच लिही. मोजला. ७४. चार अंश खाली, माझ्या चार दिवसांच्या रुसव्याचे. बाई दुसऱ्या पलंगाकडे वळल्या होत्या, काका वॉकर घेऊन व्हरांड्यात होते. ७८ लिहिलं असतं तरी कोणाला कळलं नसतं, आणि गुरुवारी ती ते कार्ड वाचणार आहे. पेन बराच वेळ हातात होतं. ७४ लिहिलं.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. जाईल की नाही ते आत्ताच सांगत नाही. कमी लिहिलं तर तू उसवून बघशील, जास्त लिहिलं तर माझाच तोटा. तू पुढच्या सोमवारी ये. आकडा खरा आहे का असा तुला संशय आला, तर मापक माझ्या उशाशी आहे. स्वतः मोज. मला राग येणार नाही.

तुझा,
भडक्या