उलटं चालायचे धडे

माय, तू गेलीस तेव्हा मी फिजिओथेरपी शिकत होते, आणि तू बायांना सांगायचीस, पोरगी मालिश शिकून राहिली. आता माझं स्वतःचं केंद्र आहे, भिंतीला कठडे, समोर मोठा आरसा, आणि तालुक्यातून पोरं येतात. मालिश मात्र मी अजून कुणाची केलेली नाही.

यंदा दिघोरीहून एक पोर आली. सेरेब्रल पाल्सी. जन्मताना मेंदूला इजा झालेली, त्यामुळे पाय ताठ, टाचा वर, गुडघे एकमेकांवर घासणारे. आजी तिला कडेवर शाळेत न्यायची आणि पोरं 'कडेवरची' म्हणून चिडवायची. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "मले वर्गात आपल्या पायानं जायचं हाय." मी हो म्हटलं, आणि ते उगाच म्हटलं नाही. तिचे पाय तपासून म्हटलं.

ताण देणं, बसून उठणं, पायरी चढणं झालं आणि मग मी तिला उलटं चालायला लावलं. मागं पाऊल टाकताना मांडी मागं जाते, टाच टेकवावीच लागते. आजी उखडली. "पोरगी आधीच अशी, तिले उलटी काहून चालवून राहिली बाई? उलट्या पायानं भूत चालते. उद्यापासून नाही आणत मी इले." पोरीचा चेहरा एवढासा झाला.

मला एकदम तू दिसलीस, पदर खोचून धानाच्या बांधीत, पाण्यानं भरलेल्या वावरात वाकलेली. मी तुझ्या बाजूला रोपं रोवायला उभी राहते आणि चिखलात बदकन बसते. तू ओरडतेस, "पाय फेकू नोको! मांगचा बसू दे, मंग दुसरा उचल."

मी म्हटलं, "आजी, रोवण्यात तुमी कशा चालता?"

"मांगं मांगं."

"मंग तुमच्या गावात धान भुतं रोवतेत काय?"

आजी तोंडाला पदर लावून हसली. दुसऱ्या दिवशी ती पदर खोचूनच आली. नातीशेजारी वाकली, हातात रोपं नसताना रोवायचे हात करू लागली, आणि दोघी आरशापासून दारापर्यंत मागं मागं गेल्या. घरीही तेच सुरू झालं. पोर पडली, रडली, माझ्यावर रुसली, पण हळूहळू सरळ चालतानाही तिची टाच टेकू लागली.

परवा मी मुद्दाम शाळेच्या फाटकाशी गेले. आजीनं तिला खाली ठेवलं. पोर डोलत, हात पसरून निघाली, एकदा खांब धरला, आणि वर्गात शिरली. मागं वळून तिनं आजीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मला फार अभिमान वाटला आणि जरा लागलंही.

हे पत्र कुठं जाणार नाही. तुला वाचता येत नव्हतं, सगळं मीच वाचून दाखवायचे. हे मोठ्यानं वाचायला बसले, तर पोर वर्गात शिरते तिथं मी थांबते आणि ती ओळ तुला पुन्हा वाचून दाखवते.