ऑपरेशनच्या आधीचं सरबत

२ फेब्रुवारी, सोमवार
ह्यांचं ऑपरेशन परवा. आतड्यातली गाठ. सर्जनसाहेबांनी हातात गोड पावडरीची दोन पाकिटं ठेवली. एक आदल्या रात्री, दुसरं त्या दिवशी पहाटे सहाला, पाण्यात विरघळवून. उपाशीपोटी अंगातलं बळ जातं म्हणे. म्हटलं, इन्हें तो शुगर है. वर न बघताच उत्तर, "सबको देते हैं, माताजी."
सबको! चहात साखर नाही, सणाला गोड नाही. हे श्राद्ध चालवायला जातात तिथल्या यजमानांनाही मी बजावून ठेवते, भटजींच्या पानात खीर वाढू नका. आणि हा म्हणतो सबको.

३ फेब्रु., मंगळ
शुगरच्या डॉ.कडे गेले. "मीठा शरबत? किसने कहा? सिर्फ सादा पानी." म्हटलं, मग सर्जनना फोन करा ना. "वो उनका डिपार्टमेंट है." सर्जनचा फोन लागेना. आतडं एकाचं, साखर दुसऱ्याची, नवरा तेवढा माझा. संध्याकाळी ॲडमिट. पहिलं पाकीट सिस्टरनेच पाजलं.

४ फेब्रु., बुध
संताप संताप झालाय.
सहाला सिस्टर सरबत देऊन गेली. हे पेल्यावर झाकण ठेवून बसले. का, तर आंघोळ नाही, संध्या नाही. मुंजीपासून पारोशाने घोटसुद्धा घेतलेला नाही. गीझर बंद, गरम पाणी आलं सात वाजून गेल्यावर. मी ओरडले, विनवलं. "अगं, दो मिनट. देवाला दाखवल्याशिवाय कसं पिऊ?" संध्या झाली, पेल्याभोवती पाणी फिरवून नैवेद्य झाला, मग सावकाश प्यायले. तेवढ्यात स्ट्रेचर दारात.
भूल देणारे डॉ. भडकले. साखर तीनशेच्या वर, पोटात ताजं सरबत. ऑपरेशन कॅन्सल. "आप लोग समझते क्यों नहीं?" मी भर वॉर्डात म्हणाले, पहले आप लोग तो समझिए! आणखी बरंच म्हणाले, अर्धं मराठीत.

७ फेब्रु., शनि
घरी. आमच्या दूधविनायक मोहल्लाभर बातमी झालीय. गाठ आत तशीच. ह्यांच्याशी बोलत नाही, ताट आदळून वाढते. सकाळी हे अहिल्याबाई घाटावर निघाले होते, कुणाचं तरी पिंडदान. मी उंबऱ्यातच अडवलं.
"राग कुणाचा? देवाचा की माझा?"
दोघांचा. आणि त्या दोन डॉक्टरांचा. तोवर गाठ पसरली तर... भीती वाटते, आणि वाटते म्हणून जास्तच चिडते.

१२ फेब्रु., गुरु
ऑपरेशनची नवी तारीख आजची. कॉरिडॉरमध्ये बसून लिहितेय. तोच वॉर्ड, तसंच पाकीट. पहाटे हे आपणहून उठून बसले. आंघोळ नाही, कपाळाला गंध नाही. म्हणाले, "दे तो पेला. संध्या नंतर बघू."
इतक्या दिवसांत एवढा राग आला नव्हता. कुणाचं न ऐकणारा माणूस मुकाट हात पुढे करतो? घाबरलेत. असे नकोत मला.
पेला दिला नाही. शुगरच्या डॉ.ना झोपेतून उठवलं आणि फोन तसाच तपासायला आलेल्या भूलवाल्या डॉ.च्या हातात कोंबला. जब तक आप दोनों एक बात नहीं बोलेंगे, ये कुछ नहीं पिएँगे. बोलताहेत. आधी आवाज चढले होते, आता जरा उतरलेत. सहा वाजत आले.
आतून ह्यांची हाक, "अगं, पिऊ की नको?"