इथं कापड जास्त

४ जून
ती. ताईसाहेबांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

आपला लघुदेही लॅपटॉप काल हस्तगत झाला. आपण त्यास शिवलेला कापसाचा अंगरखा इतका घट्ट बसला होता की तो सोडवताना मला प्रसूतीस साहाय्य केल्याचा भास झाला. बाळ सुखरूप आहे. मात्र अत्यंत मंद आहे. कळ दाबली, चहा केला, प्यालो, कप विसळला, तेव्हा कोठे महाशयांनी नेत्र उघडले.

निदान असे. चार जीबी मेमरीच्या या अशक्त देहावर पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीमचा राजेशाही लवाजमा बसला आहे. हवामान वर्तवणारा, बातम्या आणणारा, न विचारता सल्ला देणारा, असे सारे भालदार-चोपदार एका खोलीत बिऱ्हाड करून आहेत. उपाय एकच : कृश आवृत्ती. कोणा परोपकारी मंडळींनी हा लवाजमा छाटून तीच सिस्टीम हडकुळी परंतु चपळ केली आहे. औषधांच्या खोक्यांवरील सूक्ष्माक्षरे तपासण्यात सव्वीस वर्षे झिजलेला हा मुद्रितशोधक कृश पक्षाचा आहे. आज्ञा व्हावी.

जाता जाता एक आनंदवार्ता. माझी पत्रे लाल पेन्सिलीने छाटून परत पाठवण्याचा आपला शिरस्ता, आणि समासातील ‘इथं कापड जास्त’ हा शेरा, मी पस्तीस वर्षे सोसतो आहे. परंतु गेली तीन पत्रे निष्कलंक परत आली! माझे गद्य अखेर निर्दोष झाले, असे मी घरात जाहीर केले. सौ. म्हणाली, ताई दमल्या असतील. मत्सर, दुसरे काय?

कृपादृष्टी आहे ती वाढती असावी.
आपला निर्दोष धाकटा

११ जून
चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर मोठं आलंय, ओळी उतरत गेल्यात, चालवून घे.

लॅपटॉप मला कारखान्यातल्या मुलींनी निरोपाला दिला, तो नुसता झाकून ठेवायला नको. तीस वर्षं गणवेश बेतले, त्या मापांची वही त्यात उतरवायची आहे. माझ्या जागी आलेली मुलगी अजून बाही बेतताना घाबरते. वहीतलं माझं अक्षर माझ्याशिवाय कुणाला लागत नाही, तेव्हा हे काम मलाच करायला हवं, आणि लवकर.

हलकं बरं म्हणतोस तर हलकं घाल. फक्त एक. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवणारं त्यात काहीतरी असतं म्हणे, ते राहील ना? सहज विचारलं.

तुझ्या बायकोला सांग, तिचं म्हणणं मला पटलं.
तुझी ताई

२० जून
ती. ताईसाहेबांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

कार्य सिद्धीस गेले. कृश आवृत्ती विराजमान झाली असून चहाचे आधण ठेवण्याच्या आत यंत्र हात जोडून उभे राहते. सोबत परत पाठवीत आहे.

आपण सहज पृच्छा केलेली ती वाचून दाखवणारी बाई या आवृत्तीत नाही. तिच्या आवाजांचा संसार मोठा, म्हणून छाटणाऱ्यांनी पहिला निरोप तिलाच दिला. आणि एकदा निरोप दिलेल्यास येथे पुनःप्रवेश नाही. परंतु जी भगिनी तीन हातांवरून पाव इंच उतरलेली बाही ओळखते, तिला वाचून दाखवणारी हवीच कशाला?

ता. क. : चौथे पत्रही निष्कलंक! आता मला आपली किंचित काळजी वाटू लागली आहे. अर्थात, माझ्या प्रगतीच्या वेगामुळे.

लोभाचा ओघ अखंड असावा.
आपला निर्दोष धाकटा

२ जुलै
चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

या पत्रातलं अक्षर शेजारच्या नर्सबाईंचं आहे, बोलणं माझं.

मशीन पळतंय, पण मुकं आहे. तुझं चुकलं नाही. मी ‘सहज’ म्हटलं, ते चुकलं. माझ्या डोळ्यांना मधलं दिसेनासं झालंय. कडा दिसतात. दाराची चौकट दिसते, दारातला माणूस दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, आहे ते जपू, गेलेलं येणार नाही. तुझ्या पत्रांवर पेन्सिल फिरली नाही ती तू सुधारलास म्हणून नव्हे रे बाबा. मला ती वाचताच आली नाहीत, नर्सबाईंनी वाचून दाखवली. तुझा आनंद ऐकून सांगवेना.

खोक्यावरची मुंगीएवढी अक्षरं धरतोस आणि बहिणीची बोटभर अक्षरं तुला दिसली नाहीत, म्हणून नर्सबाई हसल्या. मी नाही हसले. थोडी हसले.

वहीतली मापं मी भिंगातून एकेक आकडा करून वाचते, पण टाईप केलेलं बरोबर पडलं का ते कळत नाही. चोवीसच्या जागी बेचाळीस पडले तर एखाद्या पोराच्या अंगावर तंबू चढेल. म्हणून मला बोलणारं मशीन हवं. लॅपटॉप याच पार्सलात परत पाठवतेय. हळू चाललं तरी चालेल, मला कुठं गाडी गाठायचीय?

तुझी ताई

९ जुलै
ती. ताई,
शि. सा. न. वि. वि.

आज ‘आपण’ म्हणण्याचे धैर्य नाही.

तुझी सारी पत्रे पुढ्यात मांडली. अक्षर जानेवारीपासून वाढत गेले आहे. नजर असून आंधळा तो मी.

यंत्रात पूर्ण आवृत्ती परत घातली. मग हवामानवाले, बातमीवाले, सल्लागार यांना एकेकास स्वहस्ते झोपवले. हाकलले कोणासच नाही. कोण निरुपयोगी हे ठरवण्याचा माझा अधिकार संपला आहे. यंत्र उठेपर्यंत आता अर्धा कप चहा होतो. मराठी आवाज भरला. मी चोवीस टाईप केले. बाई ‘चोवीस’ म्हणाली. खात्रीसाठी बेचाळीस टाईप केले, तेही तिने बरोबर वाचले. जी कळ दाबली की ती बोलते, तिच्यावर सदऱ्याचे बटण चिकटवले आहे, बोटांना सापडेल.

हे पत्रही यंत्रातच ठेवले आहे, तुझ्या नजरेला लागेल असे अगदी कडेला.

ताई, तुझ्या बेतण्याच्या टेबलाखाली मी लहानाचा मोठा झालो. जुन्या वर्तमानपत्रांचे तू बेत कापायचीस आणि मी हट्ट केला की त्यावरची बातमी वाचून दाखवायचीस. बाहीच्या गोलाईपाशी बातमी तुटायची. पुढचे तू सांगायचीस. वाचनाचे वेड आणि माझा सारा चरितार्थ त्या टेबलाखालचा आहे. ‘आभारी आहे’ असे मी साऱ्या जगाला लिहिले, तुला कधी लिहिले नाही. आभारी आहे.

तुझा सदोष धाकटा

१८ जुलै
चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

हे मी स्वतः टाईप केलंय. मशीनमधल्या बाईंनी वाचून दाखवलं, चार चुका मी ऐकून धरल्या. वहीची अकरा पानं झाली. बाही संपली, आता कॉलर.

लवाजमा कापला नाहीस, झोपवलास, हे बरं केलंस. वाढत्या पोराच्या गणवेशाचं कापड आपण आत दुमडून ठेवतो, छाटत नाही. एवढं तुला टेबलाखाली बसून कळायला हवं होतं.

तुझं पत्र तीनदा ऐकलं. सवयीनं लाल पेन्सिल हातात होती. ‘आज आपण म्हणण्याचे धैर्य नाही’, इथं कापड जास्त. नुसतं ‘तू’ म्हणायचं, कळतं. शेवटच्या भागावर मात्र पेन्सिल चालवली नाही.

पण एक दुरुस्ती आहे. बाहीपाशी बातमी तुटायची नाही. ती सुरूच व्हायची नाही. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. चित्र बघून सगळंच मनानं सांगायची. तू शाळेत गेलास, आता चोरी पकडली जाणार म्हणून घाबरले, आणि तू खेळायला गेलास की तुझ्याच पुस्तकावरून शिकले. तू हट्ट केला नसतास तर लाल पेन्सिल माझ्या हाती आलीच नसती.

तेव्हा आलेल्या आभारांपैकी निम्मे परत पाठवतेय. ठेवून घे. पुढचं पत्र लांब लिही, बाईंना दम लागत नाही.

तुझी ताई