थोरलीच्या भुवया

९ सप्टें. २०००, माजलगाव
नाव नोंदवून आले एकदाची. वैशालीच्या पार्लरमध्ये औरंगाबादच्या मॅडम येणार, मशीनने भुवया गोंदून देणार. कायमच्या. धुतल्या तरी जात नाहीत, घामाने ओघळत नाहीत. २५ तारीख, सकाळी अकरा. पितरपाटात लग्नं नसतात, पार्लरकडे काळं कुत्रं फिरकत नाही, म्हणून मॅडमना हेच दिवस सोयीचे.
नववीत टायफॉईड झाला तेव्हा डोक्यावरचे केस गेले ते परत आले. भुवया गेल्या त्या गेल्याच. दोन-चार केस इकडे, दोन-चार तिकडे.
हे दुकानातून आल्यावर त्यांना सांगितलं. मोटारपंपाचं कसलं तरी कॅटलॉग वाचत होते. मान वर न करता, "कर की. मला काय इचारायलीस?"
भिंतीवरच्या फोटोतून थोरली बघत होती. ती असली की मला या खोलीत मनातलं बोलता येत नाही. आणि ती कायम असते.

११ सप्टें.
नवी साडी आणली. रिवाजाप्रमाणे आधी तिच्या फोटोपुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं, मग मी नेसले. दुसरेपणाची ना मी. तिच्या नावाचा चांदीचा टाकही माझ्याच गळ्यात, मंगळसूत्राला खेटून. आठ वर्षं झाली, अजून एक साडी धड पहिल्यांदा माझी झालेली नाही.
लग्नाला वर्ष व्हायच्या आत काविळीने गेली. विशीत गेली, विशीतच राहिली. माझी हनुवटी सुटत चाललीये.
आणि त्या भुवया! मध्ये भरलेल्या, टोकाला निमुळत्या. डावी जराशी वर चढलेली. आल्यागेल्याकडे बघून विचारते, ही कोण गं माझ्या घरात? मेलेल्या बाईशी भांडताही येत नाही.

१४ सप्टें.
वैशालीने कानामागे रंगाचा ठिपका लावून दिला, खाज सुटते का बघायला. थ्रेडिंग बंद. डोकेदुखीच्या गोळ्या बंद. गोंदल्यावर आठवडाभर तोंडाला पाणी नाही, तेल नाही, गॅसपुढची वाफसुद्धा नाही. (सासूबाईंना हे कोण सांगणार?)
आणि मुख्य म्हणजे, "ताई, पाहिजे तो आकार रोज पेन्सिलने काढून घरात हिंडा. सगळ्यांना बघू द्या. एकदा गोंदलं की मग रडायचं न्हाई."
सिनेमातल्या बायकांची कात्रणं पुढे टाकली. एकेक नाकीडोळी नीटस. सगळी परत केली. मला कुठल्या पाहिजेत ते मला माहीत आहे. पण तोंडाने सांगवेना.

१५ सप्टें.
हे दुकानात, सा.बा. देवळात. दाराला कडी लावली. स्टुलावर चढले, भरतकामाचा ट्रेसिंग पेपर फोटोच्या काचेवर धरला आणि तिच्या भुवया उतरवून घेतल्या. काचेवर कागद सारखा घसरत होता.
मग आरशापुढे बसून पेन्सिलने माझ्या कपाळावर काढल्या.
छान दिसल्या. खोटं कशाला लिहू? छान दिसल्या आणि माझ्या पोटात आग पडली. हिच्याकडे हे सगळं आयतं होतं.
यांना चहा दिला, अगदी समोर उभी राहून. "साखर कमी पडली," म्हणाले.

१८ सप्टें.
रोज काढते. हे काही म्हणजे काही बोलत नाहीत. आज मुद्दाम फोटोच्या खाली बसून वाढलं. वाटलं, एकदा वर बघतील, एकदा माझ्याकडे. पोळी मागितली.
सा.बा. मात्र टक लावून बघतात. मशीनचं कळलंय त्यांना. "आमच्या टायमाला गोंदणारीन दारावर यायची. कपाळाला गोंदलं, हाताला गोंदलं. भुवया गोंदलेली बाई काय बघितली न्हाई बग. आन् ते बी पितरपाटात?"

२२ सप्टें.
अविधवा नवमी. म्हणजे थोरलीचं जेवण. म्हणजे पहाटेपासून पुरण माझ्याच हातून. गल्लीतली सवाष्ण बोलावली, थोरलीच्या नावाने तिची ओटी भरली, पाया पडले. स्वतःच्या सवतीची अशी उस्तवार दुसरं कोण करत असेल!
नंतर फोटो खाली घेऊन पुसत होते. सा.बा. शेजारी येऊन टेकल्या. फोटोकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं.
"आगं, हिच्यावरून काडायलीस व्हय तू?"
मी फडकं पिळत बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
त्या हसायलाच लागल्या. "ह्या काय तिच्या हायत का? लग्नाचा एकच फोटू व्हता तिचा. त्यात कपाळावर मुंडावळ्या, भुवया समद्या झाकलेल्या. ती गेल्यावर बीडच्या ष्टुडिओवाल्यानं तेवढं तोंड मोठं केलं, मुंडावळ्या पुसल्या आन् रंगानं भुवया भरल्या."
"मग खऱ्या कशा होत्या?"
"आता काय ध्यान हाय? पातळच आसतील की, तुज्यावानी."
काय हलकं वाटलं म्हणून सांगू! आठ वर्षं मी एका स्टुडिओवाल्याच्या ब्रशावर जळत होते. पुरणाची आणखी एक पोळी घेतली, वर तूप.
तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुजा नवरा मातर लई हटून बसला व्हता तितं. तीन बारी पुसायला लावल्या. आशा न्हवत्या, आशा व्हत्या, करत. दिवस घालिवला बग सगळा."
घास तोंडात तसाच राहिला.
दिवसभर. नुसत्या आठवणीवर. ज्या माणसाला डोक्यावर सरकवलेला चष्मा सापडत नाही, त्याने एका बाईच्या भुवया दिवसभर बसून सांगितल्या. भुवया खोट्या निघाल्या तर निघाल्या. ते दिवसभर बसणं खोटं नाही ना. ते कुठल्या मशीनने गोंदून मिळतं?

२४ सप्टें.
उद्या. कानामागे खाज नाही, रंग मानवलाय.
सा.बा. भाजी निवडताना सांगत होत्या, मेल्यावर अंगावरचं सोनंनाणं काढून घेतात, गोंदण तेवढं संगं येतं. म्हणजे मी वर जाणार, तिथे थोरली पातळ भुवयांनी बसलेली, आणि माझ्या तोंडावर तिचा फोटो! एकटीच हसले. मग रडले जरा.
ट्रेसिंग पेपर अजून पाकिटात आहे. फाडायचा म्हणते, होत नाही. दुसरा आकार सुचतही नाही. इतकी वर्षं त्याच तर बघितल्या.
यांना विचारावं? काय विचारू? मी मेल्यावर माझ्यासाठी बसाल का स्टुडिओत?

२५ सप्टें.
सकाळी आंघोळीच्या आधीच तोंड धुऊन पेन्सिल काढून टाकली. पदर पुढे ओढून यांच्यासमोर गेले. म्हटलं, डोळे मिटा.
"कावून?"
"मिटा म्हणते ना. माझ्या भुवया कशा आहेत ते सांगा."
वाटलं, काळ्या म्हणतील. नाहीतर डबा मागतील. पण मिटले डोळे. एवढा वेळ मिटले की मलाच भीती वाटायला लागली. मग बोट वर करून हवेतच दाखवायला लागले.
"मदी भरीव. कडंला निमुळत्या. आन् डावी जरा वर."
डोळे उघडले, डबा उचलला, गेले. माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही.
तेव्हापासून आरशापुढे बसलेय. गेले दहा दिवस रोज काढत होते त्याच तर सांगितल्या. म्हणजे बघत होते. चहात साखर कमी म्हणताना, पोळी मागताना, बघत होते मला!
की त्या दिवशी स्टुडिओत सांगितल्या, त्याच आज पुन्हा सांगितल्या?
बघून सांगितलं असेल तर मला सांगितलं. आठवून सांगितलं असेल तर तिला. जाऊन विचारावं तर दुकान बसस्टँडपाशी, आणि पावणेअकरा झाले. वैशालीचा दोनदा निरोप आला, मॅडमनी मशीन लावलंय, आकार घेऊन या.