टोपीतला उजेड आणि चिमूटभर सौंफ

३ फेब्रु.
मनूने आज लॅबमध्ये ती टोपी माझ्या डोक्यावर चढवली. माणूस बोलतो तेव्हा मेंदूत काय होतं, यावर पीएच.डी. करून राहिली पोरगी. टोपीच्या बटणांतून उजेड आत जातो, आपल्या डोळ्यांना न दिसणारा, आणि आतलं रक्त बघून वापस येतो. मी म्हटलं, मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवलं की लाल दिसतं तसं? म्हणाली, "हो आई, तेच. फक्त कवटीतून." मेंदू जिथे काम करतो तिथे रक्त जास्त. एवढं मलापण समजलं.
भाज्यांची नावं सांगायला लावली. वेळ संपली तरी माझं चालूच. डोक्याला तेल चोपडून गेले होते म्हणून बोलणी खाल्ली. कंगव्याच्या दांडीने एकेक बट बाजूला करत बसली. लॅबमध्ये सगळे हिला विचारून काम करतात. मी तोंडावर काही दाखवलं नाही, पण छाती फुगली.

६ फेब्रु.
सांगून टाकलं मनूला. टोपी बाबांना घाल.
पॅरालिसिस झाल्यापासून हे एक शब्द बोललेले नाहीत. पोलोग्राउंडच्या वर्कशॉपात मशीनीच्या वर आवाज काढणारा माणूस. डॉक्टर म्हणतात, किती समजतं ते सांगता येत नाही. मी दिवसभर बोलते. प्रश्न माझा, उत्तरपण माझंच. मला फक्त एवढं कळू दे, आत काही उत्तर तयार होतं का? की मी भिंतीशी बोलते?
म. आधी नाही म्हणाली. "घरच्या माणसाचं मी नीट नाही बघणार. मला पाहिजे तेच दिसेल." मग तिचे गाइड अगरवाल सर म्हणाले, ग्राफ मी बघतो, तू टोपी घाल.

१२ फेब्रु.
ह्यांना जेवू घातलं, रिक्षा केली, सुदामा नगरहून लॅब. रस्ताभर मीच बोलत होते.
चित्र दाखवायचं, ह्यांनी नाव सांगायचा प्रयत्न करायचा. मग 'थांबा' म्हणायचं, थोडा आराम, मग पुढचं चित्र. किल्ली. गाय. छत्री. तोंडातून काहीच नाही. पण स्क्रीनवरची रेघ... चित्र आलं की वर. 'थांबा' म्हटलं की खाली. सर खुर्चीतून उठले. "भाभीजी, देखिए, भाईसाहब कोशिश कर रहे हैं."
रडले मी, सगळ्यांसमोर. लाज नाही वाटली.
बेटम्याला जाऊबाईंना फोन केला. नणंदेला केला. शेजारी पेढे दिले. सर म्हणतात, हे मोठ्या कॉन्फरन्सला पाठवू. माझी मुलगी, माझा नवरा. आज जमिनीवर पाय नाहीत.

१४ फेब्रु.
म. आली. चहा निवला तरी हात लावला नाही. मग विचारलं, "आई, परवा बाबांच्या तोंडात काय होतं?"
काय असणार. सौंफ. जेवण झालं की ह्यांच्या तळहातावर चिमूटभर सौंफ ठेवते मी, लग्न झाल्यापासून. आता हे ती बराच वेळ चघळत राहतात. अपने इंदोरात सौंफशिवाय जेवण संपतं का?
लॅबच्या व्हिडिओत तिने जबडा हलताना बघितला, आणि 'थांबा' म्हटलं की थांबताना. कानशिलावर बोट ठेवून चावून बघ, म्हणाली. बघितलं. हलतं खरं. तिथे स्नायू आहे, त्यातपण रक्त येतं, आणि टोपीचा उजेड त्यातूनच आत जातो. म्हणजे रेघ चावण्याचीपण असू शकते. बोलायच्या कोशिशीची आहे असं छातीठोक म्हणता येत नाही.
मी म्हटलं, "सरांना दिसलं नाही ना? मग तुला काय गरज होती?"
"मी सकाळीच सांगून आले."
सर म्हणाले म्हणे, जिथे जबडा हलताना दिसतो तेवढं काप, बाकीचं ठेव. ही म्हणाली, नाही, सगळंच काढा.
खूप बोलले मी तिला. नको ते बोलले. पेढे वाटले, आता काय तोंड दाखवू वगैरे.

१५ फेब्रु.
सकाळी ह्यांची दाढी करताना राग ह्यांच्यावरच काढला. म्हटलं, "ऐका, तुमची लाडकी पूरा माल वापस करून आली."
आणि बोलता बोलता थांबले. हे शब्द माझे नाहीतच. वर्कशॉपात एक नग चुकीचा निघाला की हे गिऱ्हाइकाकडून पूर्ण लॉट वापस घ्यायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, चलेगा भिया. हे म्हणायचे, नहीं चलेगा, पूरा माल वापस. मी तेव्हापण अशीच ओरडायचे.
ह्यांनी माझ्याकडे बघितलं. डाव्या हाताने खुर्चीवर थाप मारली, एकदा. काय ते देव जाणे.
बेटम्याला फोन केला. जाऊबाईंना सांगितलं, चूक निघाली, आणि चूक मनूने काढली. दुसरं वाक्य जरा जोरातच सांगितलं. त्या दिवशीच्या पेढ्यांपेक्षा हे सांगताना जास्त गर्व वाटला, खरं सांगते.
संध्याकाळी म.ला म्हटलं, 'थांबा' म्हटलं की बाबा चावायचे थांबत होते, म्हणजे समजत होतं ना? हसली. "आई, ते आपण मोजलेलं नाही."

२३ फेब्रु.
परत टेस्ट. तोंड धुऊन, सौंफ नाही. जबड्यावर वेगळी पट्टी लावली, तो हलला की कळावं म्हणून. रेघ काही चित्रांना उठली, थोडी. काहींना नाही. छत्रीला उठली. गायीला नाही. पट्टी शांत होती.
सर म्हणाले, उम्मीद है. म.ला विचारलं. म्हणाली, "आई, मला माहीत नाही. अजून बरेचदा करावं लागेल." सरळ डोळ्यांत बघून म्हणाली. एवढ्या शिकलेल्या माणसांत उभी राहून माहीत नाही म्हणते. माझी पोरगी आहे ही.
घरी येऊन जेवण. एक गोष्ट लॅबमध्ये बघून कळली, चित्रानंतर ते लोक गप्प बसतात. वाट बघतात. मी कधीच नाही बघितली. विचारलं की लगेच मीच उत्तर द्यायचे.
आज विचारलं, "वरणात मीठ बरोबर आहे?" आणि मी ओठ दाबून बसले. हे माझ्याकडे बघत होते. वरण निवलं. मी अजून काही बोलले नाही.